चंद्रावतीचा दाखला

चंद्रावतीला समजावून सांगता येतं, हे सगळ्यात आधी तिच्या नवऱ्याच्या लक्षात आलं, पण त्याने ते कधी कौतुकाने म्हटलं नाही. काळुराम धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा आणि घरी आला की त्याला शांतता लागायची. आमटी अळणी झाली की ताटावरून मान वर न करता म्हणायचा, "आता हिचापन एक दाखला दे."

दाखला हा चंद्रावतीच्या माहेरचा शब्द. तसा सगळीकडचाच, पण पेण तालुक्यात धरमतरच्या खाडीला लागून असलेल्या तिच्या गावात तो रोजच्या वापरातला होता. कुणाचं म्हणणं पटलं नाही की समोरचा भांडत बसायचा नाही, म्हणायचा, दाखला दे. मग बोलणाऱ्याने शेतातली, मिठागरातली, नाहीतर सासू-सुनेची एखादी गोष्ट काढून दाखवायची की बघ, हे जसं तसं ते. दाखला बसला की वाद मिटला. चंद्रावतीचा बाप यात तरबेज होता आणि मुलीत ते उतरलं होतं. लग्न होऊन ती निडीला, भाताच्या आणि वालाच्या गावात आली. तिथल्या बायका तिच्या खारपट्टीच्या बोलण्याला हसायच्या, पण ऐकून घ्यायच्या.

ती सातवी पास होती. दोन्ही मुलं शाळेत जायला लागल्यावर ती रोह्याला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला राहिली. पेशंटचे नंबर लावायचे, लादी पुसायची, सुया उकळायच्या. डॉक्टर पुण्याकडचे होते, हुशार, हाताला गुण असलेले, पण बोलणं असं भरभर आणि पुस्तकी की माणूस बाहेर येऊन तिलाच विचारायचा, काय म्हनले?

एकदा क्षयाचा एक माणूस दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडून बसला आणि परत खोकत आला. डॉक्टर चिडले, त्याला बाहेर बसायला सांगितलं. चंद्रावती फडकं बाजूला ठेवून त्याच्या शेजारी बाकावर बसली. माणूस खाडीकाठचाच होता. तिने त्याला विचारलं, बांधाला खांड पडली, भगदाडातून खाडी शेतात शिरायला लागली, तुम्ही अर्धी खांड बुजवलीत आणि दमलो म्हणून घरी गेलात, तर पुढची भरती काय करील? तो माणूस म्हणाला, बुजवलेली अर्धीपन घेऊन जाईल. त्यानंतर त्याने एक गोळी चुकवली नाही.

त्या दिवसापासून डॉक्टर आतून हाक मारू लागले, "चंद्राबाई, यांना जरा समजावा." लादी पुसायला दुसरी बाई आली. चंद्रावतीला दाराशी टेबल आणि खुर्ची मिळाली. निडीहून रोह्याला येताना गाडीत ती दाखले जुळवत बसायची. अंगात रक्त कमी म्हणजे काय, पोराला लस कशाला, साखरेच्या आजारात पायाची जखम का भरत नाही. शेतकऱ्याला शेतातला, मीठवाल्याला मिठागरातला, बाईला चुलीपाशचा. समोरच्याचा चेहरा असा हळूहळू उजळायचा आणि मान हलायची. ते बघायला तिला फार आवडायचं. इतकं आवडायचं, की मान हलली की तिचं काम तिथे संपायचं. त्या माणसाने नेमकं काय घेऊन घर गाठलं, हे विचारायची तिला कधी गरज वाटली नाही.

तिच्या माहेरी ही बातमी गेली तेव्हा पनवेल-रोहा गाडी अजून नवीन होती. गावातली माणसं पेणचे दवाखाने सोडून रोह्याला येऊ लागली. आपली चंद्रा तिथं बसते, ती सगळा फोड करून सांगते. तिचा भाऊ महिपती हे ऐकून छाती काढून चालायचा.

दाजीकाका आणि रंभाकाकी आले ते चैत्राच्या सुरुवातीला. माहेरच्या घराला लागून त्यांचं घर. दोघांना मूलबाळ नव्हतं. काकांनी उभा जन्म बांधाची राखण केली होती. खाडीचा बांध कुठे झिजला, खेकड्यांनी कुठे पोखरला, हे त्यांना चालता चालता पायाला कळायचं. बांधाच्या पोटात पाणी सोडायला झडप असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडायची, भरतीला बंद ठेवायची, हे काम त्यांचं. आता त्यांचे पाय सुजून खांबासारखे झाले होते आणि दहा पावलं चाललं की धाप लागत होती. डॉक्टरांनी तपासलं, सांगितलं की हृदय थकलंय. मीठ बंद, पाणी दिवसाला एक लिटर, त्याच्या वर घोट नाही, सकाळी ही गोळी. कागदावर लिहिलं आणि हाक मारली.

चंद्रावतीला दाखला शोधावाच लागला नाही. तो समोर पाय पसरून बसला होता.

"काका, आंग म्हंजे आपला शेत," ती म्हणाली. "मीठ खाल्लास का खाडी शेतात आयली. पाय सुजलंत ती खाडीच हाय. आन ही गोली म्हंजे उघाडी. सकालला खाल्लीस का पानी भाईर."

दाजीकाकांचा चेहरा उजळला. इतका उजळला, की रंभाकाकीही हसायला लागली. काका म्हणाले, "डाक्टर असा बोलला असता तर मना कवाच समाजला असता."

मीठ बंद, असं चंद्रावतीने पुन्हा बजावलं. आणि उठता उठता म्हणाली, पानी मोजून प्यायचा. पुढच्या नंबरचं पोर ओकायला लागलं होतं, ती बादली आणायला धावली. लिटरचा आकडा कागदावर होता आणि कागद रंभाकाकीच्या पिशवीत. त्या घरात वाचता कुणालाच येत नव्हतं.

तीन आठवड्यांनी रंभाकाकी एकटीच आली. कपाळ पांढरं. चंद्रावतीने खुर्चीतून उठून तिला धरलं. काकी रडली नाही. रडून झालं होतं बहुतेक. ग्रामसेवकाने मृत्यूच्या नोंदीसाठी डॉक्टरांचा कागद मागितला होता, तो न्यायला आली होती. चंद्रावतीने चहा मागवला. काकी बशीत चहा ओतत सांगत राहिली.

पहिले आठ दिवस झकास गेले होते. सूज उतरली, काका बांधावर जाऊन आले. नंतर काय झालं कुणास ठाऊक. धाप वाढली, आडवं होता येईना, भिंतीला टेकून बसूनच असायचे. खोकताना तोंडातून फेस यायचा. एका सकाळी बसल्या बसल्याच गेले. पण औषधपाण्यात आपण कसूर केली नाही, एवढं समाधान आहे, असं ती म्हणाली. मिठाचा खडा घरात ठेवला नव्हता. गोळी कधी चुकवली नाही. आणि पाणी.

"पानी म्हंजे?" चंद्रावतीने विचारलं.

"सा तांबे. सकालला दोन, दुपारला दोन, सांजला दोन. मोजून. भितीवर कोलशाची रेघ मारायची मी, का चूक नको."

चंद्रावतीच्या हातातली बशी तशीच राहिली. काकी सांगत होती, की पहिल्या दिवशी घरी जाताना गाडीतच काकांनी तिला सगळं उलगडून सांगितलं होतं. शेतात खारं पाणी शिरलं तर काय करतात? गोडं पाणी भरतात, उभं ठेवतात, उघाडीतून सोडून देतात, पुन्हा भरतात. तीन पावसांत शेत धुऊन निघतं आणि भात येतं. चंद्रा तेच सांगत होती. गोळीने उघाडी उघडलीये, आता गोडं पाणी भरत राहायचं, मीठ धुऊन निघेल.

आणि गोडं पाणी त्या गावात नळाला येत नव्हतं. चैत्र-वैशाखात तर दीड कोसावरच्या विहिरीवर जावं लागायचं. हंड्याला हंडा लागायचा, बायका भांडायच्या, म्हणून एक जण उभी राहून मोजून पाणी द्यायची. त्या गावात मोजून दिलं म्हणजे पुरं दिलं, कुणाच्या वाट्याचं कमी केलं नाही. चंद्रावती त्याच विहिरीवर वाढलेली. पण इतकी वर्षं रोह्याच्या दवाखान्यात बसून तिच्या तोंडात मोजून या शब्दाचा अर्थ कधी उलटा झाला, तिला कळलंही नव्हतं. रंभाकाकी नवऱ्याच्या सहा तांब्यांसाठी रोज विहिरीची एक खेप जास्त करत होती.

चंद्रावतीने बोलायला तोंड उघडलं आणि तिच्या डोळ्यांसमोर त्या कोळशाच्या रेघा आल्या. तिने डॉक्टरांकडून कागद लिहून आणला, काकीला स्टेशनपर्यंत पोचवलं, वाटेत केळी घेऊन दिली. गाडीत चढता चढता काकी म्हणाली, की गावातल्या धोंडुबाईच्या पायांनाही आता सूज आलीये, तिला पेणच्या डॉक्टरने तशीच गोळी दिलीये. तिलाही दाजीचाच उपाय चालू केलाय. काका सगळ्या गावाला तो दाखला सांगून गेले होते ना.

गाडी गेली. चंद्रावती फलाटावर उभी राहिली ती स्टेशन मास्तरने हटकेपर्यंत.

डॉक्टरांना तिने सगळं सांगितलं. त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाले, की आपण एक लिटर लिहून दिलं होतं, कागदावर आहे. त्यांचं हृदय तसंही फार दिवस चाललं नसतं. त्या दुसऱ्या बाईला निरोप पाठवा. त्यांच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं, आणि तिला त्याचा उपयोगही नव्हता.

काळुरामने तिचं ऐकून घेतलं, हे विशेष. पहिल्यांदाच त्याने टोमणा मारला नाही. तो म्हणाला, धोंडुबाईला बाजूला घेऊन सांग, का तुझा आजार वेगळा, तुला पाणी चालायचं नाय. रंभाकाकीच्या कानावर जाऊ देऊ नको. "म्हातारीनं आपल्या हातानं पाजलाय. तिला कशाला सांगतेस? तिच्याकडं आता दुसरा हाय काय?"

हे तिलाही पटलं. रविवारी पेणला उतरून एसटीने आणि मग बांधावरून चालत ती गावात गेली तेव्हा तिच्या मनात तेच होतं. महिपतीच्या घरी पिशवी ठेवली, त्याची बायको हौसा हिला सांगून धोंडुबाईकडे गेली.

धोंडुबाई ओटीवर पाय लांब करून बसली होती. आणि तिच्या उशाशी तांब्या घेऊन रंभाकाकी बसलेली. काकीला आता घरी कोण होतं? ती सकाळपासून धोंडुबाईकडेच असायची. तिच्यासाठीही खेप करायची.

चंद्रावतीने इकडचं तिकडचं बोलून पाहिलं. काकी उठून जाईल याची वाट पाहिली. काकी उठली नाही. शेवटी चंद्रावती म्हणाली, धोंडुमावशी, तुझा आजार काकांसारखा नाही, तुला पाणी कमी पाहिजे. धोंडुबाई हसली. तिचे पाय दाजीसारखेच सुजले होते, गोळी तीच होती, धापही तीच. मग आजार वेगळा कसा? तिने गोळीचं पाकीट काढून दाखवलं. दोन दिवस पाणी प्यायल्यावर किती मोकळं वाटतंय तेही सांगितलं. चंद्रावती म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय. धोंडुबाई म्हणाली, डाक्टर रोज नवा सांगतान.

"तूच सांगलास ना गो, मीठ धुवाचा. आता उलटा बोलतेस. दाखला दे."

रंभाकाकी मध्येच म्हणाली, की दाजीला आठ दिवस गुण आला होता, मी डोळ्यांनी बघितलाय. त्याची वेळ भरली होती म्हणून गेला. आणि तिने तांब्या धोंडुबाईच्या हातात दिला.

धोंडुबाईने तो तोंडाला लावला, आणि चंद्रावतीने तो ओढून घेतला. पाणी ओटीवर सांडलं. दीड कोसावरून आणलेलं पाणी सांडलं म्हणून दोघी तिच्याकडे बघत राहिल्या.

"काका पान्यानं गेलं," ती म्हणाली.

एवढं बोलल्यावर पुढचं तिने मुद्दाम सरळ सांगितलं. शेत नाही, बांध नाही, उघाडी नाही. हृदयात जोर राहिला नव्हता. जास्तीचं पाणी त्याला बाहेर टाकता येईना. ते छातीत साठलं. श्वासाला जागा उरली नाही. म्हणून आडवं होता येत नव्हतं, म्हणून फेस येत होता. डॉक्टरांनी पाणी कमी सांगितलं होतं. मी मोजून म्हटलं, कमी म्हटलं नाही. चूक माझी, काकी. तुझी नाही.

माणसं शेवटची वाक्यं ऐकत नाहीत. रंभाकाकीने ती ऐकली असतील असं चंद्रावतीला आजही वाटत नाही. काकी सांडलेल्या पाण्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, "किती द्याचा होता?"

"एक तांब्या."

"दिसाला?"

"व्हय."

काकी बोटांवर काहीतरी मोजत होती. ते कशाचं मोजणं होतं, ते चंद्रावतीने विचारलं नाही. धोंडुबाई पाय आखडून घेऊन भिंतीकडे सरकली होती. अंगणात कोंबड्या पायरीवरून ओघळलेलं पाणी पीत होत्या.

"त्या दिशी रोह्याला तुला म्हायती होता?" काकीने विचारलं.

चंद्रावतीला खोटं बोलता आलं असतं. एवढं बोलून झाल्यावर एक खोटं काय जड होतं? पण तिच्या तोंडून व्हय निघून गेलं.

"आन मना चाय पाजलास," काकी म्हणाली. "केली घेऊन दिलास."

ती उठली, तांब्या उचलला, पदराने पुसला, धोंडुबाईच्या उशाशी पालथा ठेवला आणि आपल्या घरी गेली. चंद्रावती मागे गेली तर दार लोटलेलं. आतून कडी नव्हती. ढकललं असतं तर उघडलं असतं. तिने ढकललं नाही. फटीतून तिला समोरची भिंत दिसत होती. रेघा सहा-सहाच्या जुड्या करून मारल्या होत्या, शाळेत पोरं पाढे मांडतात तशा सरळ, एकाखाली एक.

हौसाने जेवायला वाढलं. तिला सगळं कळलं होतं, ओटीला ओटी लागून असलेल्या गावात कळायला वेळ लागत नाही. ती वाईट बोलली नाही. एवढंच म्हणाली, की ताई, आता पावसाच्या आत यायची दगदग करू नको. महिपती जेवताना एकदाही तिच्याकडे बघून बोलला नाही.

धोंडुबाईने पाणी कमी केलं. तिची सूज उतरली, ती पुढे सहा वर्षं जगली. त्याचं श्रेय चंद्रावतीला कुणी दिलं नाही आणि तिने मनातही मागितलं नाही. माहेरची माणसं रोह्याला यायची थांबली. दवाखान्यात डॉक्टर हाक मारायचे, चंद्राबाई, यांना समजावा, आणि ती कागद हातात घेऊन त्यावर होतं तेवढंच वाचून दाखवायची. सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर. मग म्हणायची, आता तुम्ही मला सांगा. माणसं चुकली की पुन्हा वाचायची. बरोबर सांगितलं तरी पुन्हा विचारायची. म्हातारी माणसं वैतागत. पूर्वी ही बाई किती छान बोलायची, आता मास्तरणीसारखी परीक्षा घेते, असं बाहेरच्या बाकावर बसून म्हणत. डॉक्टरांनीही एकदा विचारलं, चंद्राबाई, ते तुमचे दाखले कुठे गेले? ती म्हणाली, आठवत नाहीत. प्रत्यक्षात तिला ते गाडीत बसल्या बसल्या सुचायचे, अजूनही, एकाहून एक. ती खिडकीकडे तोंड करून वाल उपटलेली शेतं बघत बसायची आणि ते जाऊ द्यायची.

दोन वर्षांनी आई गेली म्हणून ती माहेरी तेरा दिवस राहिली. रंभाकाकी आली होती, बाराव्याच्या स्वयंपाकाला हातभार लावून गेली. चंद्रावतीशी तिने काही वाकडं धरलं नाही. भाकऱ्या किती टाकू, असंही विचारलं. पण शेजारी बसली नाही.

निघायच्या आदल्या दुपारी हौसा भांडी घासता घासता सांगत होती, की रंभाकाकीचं हल्ली गावात वेगळंच चाललंय. कुणाच्या पायाला सूज आली, कुणी दवाखान्यातून गोळ्या घेऊन आलं, की ही न बोलावता त्या घरी जाते. कागद पुढे करायला लावते, शाळेतल्या पोराकडून वाचून घेते. आकडा विचारते. मग त्या घरातल्या बाईला समोर बसवून सांगते, की मोजून म्हंजे कमी. माणूस बरा दिसला तरी कमी. आणि कुणाला पटलं नाही, कुणी म्हणालंच की दाखला दे, तर म्हणते, माझाच घे. माझ्या नवऱ्याला एक तांब्या द्यायचा होता, मी सहा दिले. मग गप्प बसते. पुढे कुणी काही विचारत नाही. समजलेलं असतं.

चंद्रावती ताट विसळत होती. तिने ते खाली ठेवलं.

"आन मी सांगला होता, असा बोलते?"

"नाय," हौसा म्हणाली. "तुजा नाव घेत नाय ती."

थोड्या वेळाने चंद्रावतीने पुन्हा विचारलं, कधीच नाही? रागातसुद्धा? हौसाला वाटलं, ताईला बरं वाटावं म्हणून सांगावं, आणि ती अगदी खात्रीने म्हणाली, की नाही, एकदासुद्धा नाही. त्या गोष्टीत दाजीकाका आहेत, तांब्या आहे आणि काकी स्वतः आहे. चंद्रावती त्यात कुठे नाहीच.